एक्स-रेची डॉक्टर

या सगळ्या घोळाचं मूळ म्हणजे अण्णा कर्णिक. कर्जतच्या कोर्टात शब्दाशब्दाचा कीस काढणारा हा वकील, पण स्वतःच्या मुलीचं काम चार लोकांना नीट सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी सरळ शेपूट घातली. सुचेताने मुंबईच्या संशोधन संस्थेत राहून पीएच.डी. मिळवली, म्हणजे ती डॉक्टर झाली. विषय कोणता, तर अवकाशातून येणारे एक्स-रे. अण्णांनी त्यातलं अवकाश गाळलं, संशोधन गाळलं, आणि कर्जत स्टेशनापासून खालापूरच्या कचेरीपर्यंत सांगत सुटले, की आमची सुचेता एक्स-रेची डॉक्टर आहे.

झालं. तेव्हापासून तिला कर्जतला यायची सोय राहिली नाही. ती आली रे आली की ओटीवर खोकणारी माणसं हजर. कुणाचा हात मोडलेला, कुणाची बरगडी दुखतेय. एका गृहस्थाने तर तिला फलाटावरच गाठून सदरा वर केला होता. मी त्या प्रकारची डॉक्टर नाही, असं ती जीव तोडून सांगायची. समोरचा समजूतदारपणे मान डोलवायचा आणि म्हणायचा, "ते ठीक हाय, पण एकदा बघा तरी." अण्णांना जाब विचारला तर ते म्हणत, अगं, लोकांना समजेल असं नको का सांगायला? लोकांना समजलं होतं खरं, फक्त जे समजलं होतं ते साफ चुकीचं होतं.

तिचं खरं काम असं होतं. आपल्या सूर्याच्या आसपास, म्हणजे आकाशाच्या हिशोबात अगदी शेजारच्या आळीत, फार विरळ आणि भयंकर तापलेला वायू पसरलेला असावा, अशी त्या काळी काही शास्त्रज्ञांना शंका येऊ लागली होती. त्यातून मवाळ असे एक्स-रे निघतात आणि आकाशाच्या सगळ्या बाजूंनी सारखे झिरपत राहतात. मवाळ इतके, की वाटेत हवा आली की तिथेच संपतात, जमिनीपर्यंत एकही पोचत नाही. म्हणून ते मोजायचे तर यंत्र रॉकेटात घालून हवेच्या वर न्यायचं, तिथे जी काही पाच मिनिटं मिळतील तेवढ्यात मोजायचं, आणि मग यंत्रासकट सगळं समुद्रात. या पाच मिनिटांसाठी सुचेताने चार वर्षं घालवली होती. लग्नाची दोन स्थळं त्यात गेली, त्याचं तिला फारसं वाटलं नाही. यंत्राचे तीन पडदे फाटले, त्याचं मात्र वाटलं.

पडदा म्हणजे यंत्राच्या तोंडावर ताणून बसवलेलं प्लास्टिक, कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ. जाड घातला तर हे मवाळ किरण त्यातच अडकतात, आणि पातळ घातला तर यंत्रात मोजणीसाठी भरलेला गॅस त्यातून हळूहळू निसटतो. म्हणून एका छोट्या सिलिंडरमधून सतत थोडाथोडा गॅस आत सोडत राहायचं. जादा झालेला गॅस तेलाच्या बाटलीतून बुडबुडे काढत बाहेर पडतो. बुडबुडे येताहेत तोवर सगळं ठीक. ते थांबले की समजायचं, आतली पोकळी रिकामी होत चालली. मग पडदा आत खेचला जातो, यंत्रातल्या तारांवर पडतो आणि फाटतो. नवा पडदा ताणून, तपासून बसवायला महिना लागे, आणि रॉकेट तर पुढच्याच पंधरवड्यात केरळच्या किनाऱ्यावरून उडायचं होतं. रॉकेट कुणासाठी थांबत नाही. यंत्र वेळेवर तयार नसेल तर त्या जागी तेवढ्याच वजनाचा शिशाचा ठोकळा बसवतात आणि उडवून देतात.

रेल्वेच्या धक्क्यांवर विश्वास नाही म्हणून यंत्र संस्थेच्या जीपमधून रस्त्याने निघालं होतं. ड्रायव्हर सखा पुढे, आणि मागे सुचेता, मांडीशी खोकं, हात गॅसच्या चावीवर. पुण्याला एका कॉलेजात भरलेला मोठा सिलिंडर वाट बघत होता. तिथपर्यंत छोटा सिलिंडर आरामात पुरणार होता. आणि चौक गाव आलं न आलं तोच जीपचा क्लच जळाला.

मार्चचं ऊन. रस्त्यावरून ट्रक धुरळा उडवत घाटाकडे चाललेले. ढाब्याच्या छपराखाली एका खाटेवर खोकं ठेवलं, त्यावर ओला टॉवेल घातला, आणि शेजारी सुचेता बसली. समोरच्या गॅरेजवाल्या गजाने जीपखाली डोकं घालून सांगितलं, की क्लचप्लेट पनवेलहून आणावी लागेल, अर्ध्या तासात येतो. गॅरेजवाल्यांचा अर्धा तास काय असतो हे तिला ठाऊक होतं, पण त्या दिवशी तिने मूर्खासारखा त्यावर विश्वास ठेवला. जेवणवेळ टळून गेली तरी गजाचा पत्ता नव्हता. सिलिंडरचा काटा खाली येत होता. तिने मनात हिशोब केला: अजून थोड्या वेळात निघालो तर पुणे गाठता येईल, त्यानंतर नाही.

आणि वर लोक. संस्थेच्या स्टोअरवाल्याने, कुणी आपटू नये म्हणून, खोक्यावर तांबड्या रंगात ठळक लिहून ठेवलं होतं: "सांभाळून – एक्स-रे यंत्र". ढाब्यावर चहा पिणाऱ्या एकाने ते मोठ्याने वाचलं. दुसऱ्याने सुचेताकडे निरखून पाहिलं आणि ओळखलं, की ही तर कर्जतच्या कर्णिक वकिलांची लेक. मग काय विचारता. आपली डॉक्टरीण स्वतःचं यंत्र घेऊन चौक गावात आली, ही बातमी फाट्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

गोदूबाई तिथे एसटीची वाट बघत उभी होती. आतल्या एका वाडीतली भातशेती करणारी उतारवयाची बाई, काटक, बोलायला फटकळ. सोबत मुलगी जना, सतरा-अठरा वर्षांची, ओढणीत तोंड धरून खोकणारी. जना माथेरानच्या एका हॉटेलात भांडी घासायला होती. खोकला थांबेना तेव्हा मालकाने तिला घरी पाठवलं आणि सांगितलं, एक्स-रे काढा, छाती साफ असेल तर परत या. खालापूरच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं होतं. म्हणून दोघी पनवेलला निघाल्या होत्या. डॉक्टरीण इथेच आहे म्हटल्यावर गोदूबाईने समोर आलेली पनवेलची एसटी खुशाल जाऊ दिली.

सुचेताच्या डोक्यात तिडीक गेली. तिने गोदूबाईला एकदा शांतपणे समजावलं, की हे यंत्र माणसाचा फोटो काढत नाही. दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून सांगितलं, की हे स्वतः किरण सोडतच नाही, आकाशातून येतात ते फक्त मोजतं. तिसऱ्यांदा सांगताना ती जवळजवळ ओरडलीच. गोदूबाईने सगळं ऐकून घेतलं, विचार केला आणि विचारलं,

"आकाशातून येतंय ते समजतं, मंग माज्या पोरीच्या छातीतून काय येतंय ते नाय समजत?"

भोवती माणसं जमत चालली होती. कुणी खाटेला टेकलं, कुणी बाटलीतल्या बुडबुड्यांना बोट लावून पाहिलं, कुणी म्हणालं, मोठ्या लोकांना गरिबाचं करायला जड जातं. एकाचा गुडघा खाटेला लागला आणि खोकं चांगलं दोन बोटं सरकलं. ही माणसं हटली नाहीत तर पडदा इथेच फाटणार, हे तिला स्पष्ट दिसायला लागलं. यांना घालवायचा एकच मार्ग होता, आणि संतापाच्या भरात तिने तो घेतला.

तिने जनाला खोक्यासमोर उभं केलं. श्वास घे म्हणाली, सोड म्हणाली. उगाच एक बटण वरखाली केलं.

"झालं," ती म्हणाली. "छाती साफ आहे. आता जा."

गोदूबाईचा चेहरा असा उजळला, की सुचेताला तिकडे बघवेना. म्हातारीने तिची अलाबला घेतली, स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, अण्णांना आयुष्य चिंतलं आणि लेकीला घेऊन निघून गेली. काम झालेलं पाहून गर्दीही पांगली. सुचेताने चहा मागवला. काय सांगू, त्या क्षणी तिला फक्त सुटल्यासारखं वाटलं. बुडबुडे चालू होते, खोकं जागेवर होतं, आणि कुणी काही विचारत नव्हतं.

मग एकदाचा गजा आला, क्लचप्लेट घेऊन, वर पनवेलला काय काय अडचणी आल्या त्याचं सविस्तर पुराण घेऊन. त्याने आणि सखाने मिळून काम आटोपलं. हात पुसता पुसता गजा सहज बोलला, की वाटेत गोदूबाई भेटली, काय खुशीत होती. जनीला उद्याच माथेरानला परत लावते म्हणाली. "बरं झालं बाय, तुमी बघितलंत ते. थोरली पोर तिची अशीच खोकून खोकून गेली ना. तवापासून बाईच्या जिवाला घोर."

सुचेता जीपमध्ये चढत होती, तिथेच थांबली.

आधी तिने स्वतःची बाजू मांडली, मनातल्या मनात. मी तीनदा सांगितलं होतं. तीनदा. ऐकायचंच नसेल तर मी काय करू? मग तिला अण्णांचा राग आला, स्टोअरवाल्याच्या तांबड्या रंगाचा आला, एक्स-रे मागणाऱ्या हॉटेलवाल्याचा आला, गजाच्या अर्ध्या तासाचा आला. सगळे राग काढून झाले आणि उरलं ते तिचं स्वतःचं एक वाक्य. चार वर्षांत तिने मोजल्याशिवाय एक आकडा कागदावर उतरवला नव्हता. आकाशाच्या कोपऱ्यातल्या कुठल्या वायूबद्दल "असावा" म्हणायलाही ती धजत नव्हती. आणि इथे एका जिवंत पोरीला तिने न मोजता "साफ" म्हणून सांगितलं होतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"वाडी कुठे आहे तिची?" तिने गजाला विचारलं.

सखा गुरगुरला. बाई, काट्याकडे बघा, म्हणाला, पुणं गाठायचंय. वाटेतच आहे ना, ती म्हणाली. वाटेत मुळीच नव्हती. डांबरी सोडून बैलगाडीच्या चाकोरीतून जायचं होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला सुचेता खोकं दोन्ही हातांनी उचलून धरत होती.

गोदूबाई अंगणात होती. जना चुलीपाशी फुंकणी घेऊन बसलेली, फुंकायची आणि खोकायची. सुचेताने दारातच सांगून टाकलं, की मघाशी मी खोटं बोलले, ते एक्स-रेचं यंत्रच नाही, मला हिच्या छातीतलं काही दिसलेलं नाही, आत्ताच्या आत्ता चला, खोपोलीला एका डॉक्टरांकडे खरं यंत्र आहे.

गोदूबाई सावकाश म्हणाली, की यंत्र तुमचं, त्यावर नाव लिवलेलं, बटण तुमी दाबलं, साफ हाय म्हणून तुमीच सांगितलं. कर्णिक वकिलांची लेक खोटं कशाला बोलेल? हिला हॉटेलात परत घेऊ नये म्हणून कुणी तुमच्या कानाला लागलं काय?

सुचेताने पुन्हा सगळं सांगितलं: आकाश, वायू, रॉकेट. जितकं खरं सांगावं तितकी म्हातारी दूर सरकत होती. जीपमधून सखाने हॉर्न दिला. डोकं आपटून घ्यावं असं सुचेताला वाटलं. खऱ्याला इथे काडीची किंमत नव्हती, कारण मघाचं खोटंच त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की या बाईला पटेल असं एकच वाक्य आहे. आजवर संस्थेत कुणी ते उच्चारलं असतं तर ती भांडायला उठली असती.

"गोदूबाई," ती म्हणाली, "माझं यंत्र बिघडलंय. ते चुकीचं दाखवतं."

"असं सांगा की मंग," गोदूबाई म्हणाली, आणि लगेच पायात वहाणा घातल्या.

जीपमध्ये जागा नव्हती. जना पुढे सखाशेजारी बसली, आणि मागे गोदूबाई खोक्याला खेटून. बिघडलेलं यंत्र एवढं जपून कशाला न्यायचं, असं तिने वाटेत दोनदा विचारलं. सुचेताने दोन्ही वेळा बाटलीकडे पाहिलं.

खोपोलीला डॉक्टर घरी जेवून झोपले होते. कंपाउंडर म्हणाला, बसा. सखाने सुचेताला बाजूला घेतलं. यांना पोचवलं ना, आता निघू या, अजून घाट चढायचाय. तू एकटा खोकं घेऊन पुढे जाशील का, तिने विचारलं. सखा चिडलाच. गाडी चालवू की त्या बाटलीकडं बघत चावी फिरवू, बाई? त्याचं बरोबर होतं. एकाला चाक धरायचं, एकाला चावी.

तिने बाकावर बसलेल्या गोदूबाईकडे पाहिलं. म्हातारी दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होती आणि लेकीला सांगत होती, की इथं लई येळ लागंल, मघाशीच्या यंत्रात साफ आलं होतं ना, तेच खरं असंल. आपण पाठ वळवली की या दोघी बाहेर पडणार आणि उद्या पोरगी माथेरान चढणार, यात सुचेताला तिळमात्र शंका राहिली नाही. ती बाकाच्या कडेला, बरोबर दाराच्या बाजूला बसली. मधून मधून जीपपाशी जाऊन बाटली बघून यायची. बुडबुडा, मग बराच वेळ काही नाही, मग बुडबुडा. तिला सगळ्यांचा राग येत होता आणि उठून जायची हिंमत होत नव्हती.

डॉक्टर डोळे चोळत आले, तोवर उन्हं कलली होती. जनाला आतल्या खोलीत नेलं. गोदूबाईने तिथेही हुज्जत घातली, की हिचा आजच एकदा काढलाय, परत कशाला. डॉक्टरांनी सुचेताकडे पाहिलं. काढा तुम्ही, सुचेता दात आवळून म्हणाली.

एक्स-रेची फिल्म धुऊन वाळेपर्यंत ती जीपपाशी गेली. बाटलीतलं तेल शांत होतं. काटा तळाला टेकलेला. तिने खोक्याचं झाकण उचलून बघितलं. पडदा आत खेचला जाऊन तारांवर निजला होता, आणि मधोमध केसासारखी एक रेघ पडली होती. म्हणजे फाटला. तिने झाकण परत लावलं, टॉवेलही नीट घातला, का ते तिलाही ठाऊक नव्हतं. रॉकेट उडेल, इतरांची यंत्रं वर जातील, आपल्या जागी शिसं जाईल. शेजारचा तो वायू आहे की नाही, हे दुसरं कुणीतरी, दुसऱ्या देशात, मोजून सांगेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सखासमोर आलं म्हणून ती आणखी चिडली. सखाने बॉनेट उघडलं आणि उगाच त्यात डोकं घातलं.

मागून गोदूबाई आली. हातात ती काळी फिल्म, उलटी धरलेली. मागे जना, भिंतीला धरून. डॉक्टरांनी दोघींना डाग दाखवला होता. उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, रुपयाएवढा. वेळेत आलात, असं म्हणाले होते, सुया आणि गोळ्या वर्षभर न चुकता घेतल्या तर पोरगी ठणठणीत होईल. हॉटेलात धाडली असती तर पावसाळा काढला नसता.

हे सगळं सांगून झाल्यावर गोदूबाईने टॉवेल घातलेल्या खोक्यावर हात ठेवला. दिवसभरात पहिल्यांदाच सुचेताने तो हात बाजूला केला नाही.

"बाय," म्हातारी म्हणाली, "तू लेकीसारखी म्हणून सांगतंय. हे यंत्र दुरुस्त करून घे गं. येवढा मोठा डाग, त्याला दिसला नाय."

"करते," सुचेता म्हणाली.